लाल अक्षरांचा नवा करार: रोजच्या वापरानंतर काय वाटतं

येशूचे शब्द लाल शाईत छापलेला नवा करार (बायबलचा येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा भाग) घ्यावा, साधा घ्यावा, की मोबाईलवरचं ॲप पुरे, हे बरेच जण विचारत असतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी वापरतेय ती खिशात मावणारी छोटी आवृत्ती आहे, फक्त नवा करार, खाली टीपा नाहीत, मागे नकाशे नाहीत. पब्लिशरचं नाव घेत नाही कारण मला जे सांगायचंय ते जवळजवळ सगळ्याच लाल अक्षरी आवृत्त्यांना लागू पडतं. आणि हा रिव्ह्यू नुसता कागद नि बाइंडिंगचा नाहीये हे आधीच सांगते. पवित्र शास्त्राची कुठलीही आवृत्ती हातात घेतली की माझा प्रश्न एकच असतो, हे सोमवारी सकाळी माझ्या कामाला येतं का. रविवारी उपासनेत सगळंच छान वाटतं हो. सोमवारी ऑफिसचा ईमेल असतो, घरात कुणाची तरी चिडचिड असते, फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टोमणा मारलेला असतो, त्या वेळी येशू काय बोलला ते पटकन सापडतं का आणि सापडल्यावर ते टाळून पुढे जाणं अवघड होतं का, या हिशोबानेच मी मार्क देणार आहे.

ही कल्पना फार जुनी नाही. लुई क्लॉप्श नावाचे गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये 'ख्रिश्चन हेरल्ड' हे नियतकालिक चालवायचे, त्यांना लूक 22:20 (लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, 22 वा अध्याय, 20 वं वचन) वाचताना, म्हणजे हा प्याला माझ्या रक्तात नवा करार आहे हे वचन वाचताना, प्रभूचे शब्द लाल शाईत छापायची कल्पना सुचली. 1899 मध्ये नवा करार निघाला, 1901 मध्ये अख्खं बायबल. मला यातली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे हेच गृहस्थ त्यांच्या वाचकांकडून दुष्काळग्रस्तांसाठी मदत गोळा करायचे, 1900 च्या आसपास भारतात मोठा दुष्काळ पडला तेव्हाही त्यांनी मदत पाठवली, आणि न्यूयॉर्कमधलं बावरी मिशन, जिथे बेघर माणसांना जेवण आणि निवारा मिळायचा, तेही त्यांनी सांभाळलं. म्हणजे ज्या माणसाने मत्तय 25 मधली मी भुकेला होतो, परका होतो ही वाक्यं लाल केली त्याने ती करूनही दाखवली. लाल शाईमागे अशा माणसाचा हात आहे हे कळल्यापासून पुस्तकाकडे बघायची माझी नजर जरा बदलली.

आता वस्तू म्हणून कशी आहे ते पटकन सांगते. लाल रंग ही छपाईतली वेगळी शाई असते, काळ्या मजकुराबरोबर ती ओळीला ओळ जुळून यावी लागते, आणि स्वस्त आवृत्त्यांत तिथेच गडबड होते, लाल ओळ काळ्या ओळीपेक्षा केसभर वर किंवा खाली जाते आणि वाचताना डोळ्याला सतत काहीतरी खुपत राहतं. माझ्या प्रतीत काही पानांवर असं झालंय. लाल कुठला आहे तेही बघा, काही ठिकाणी तो गुलाबीकडे झुकतो आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात फिका पडतो, गडद विटकरीसारखा लाल असेल तर वाचायला खूप बरा. कागद पातळ असल्यामुळे मागच्या पानाचं लाल पुढे दिसतं, पेनाने अधोरेखित केलं तर तेही दिसतं, म्हणून मी पेन्सिलच वापरते. ज्यांना लाल-हिरव्या रंगातला फरक नीट कळत नाही त्यांना गडद लाल आणि काळा जवळपास सारखाच दिसू शकतो, घरात तसं कुणी असेल तर त्यांच्यासाठी ही आवृत्ती घेण्यात फारसा अर्थ नाही. ॲपवर लाल अक्षरं चालू-बंद करायची सोय बहुतेक ठिकाणी असते पण डार्क मोडमध्ये काळ्यावर लाल म्हणजे डोळ्यांना त्रासच, तेव्हा ॲपवर वाचणार असाल तर बॅकग्राउंड पांढरं ठेवा.

बाकी ठीक. रिबिन आहे, शिवण पक्की आहे, समास अगदीच अरुंद आहे.

आता मुद्द्याचं. मत्तय पाचवा अध्याय उघडला की पहिल्या दोन ओळी काळ्या आहेत, तो डोंगरावर चढला, बसला, शिष्य जवळ आले, आणि मग जे लाल सुरू होतं ते सातव्या अध्यायाच्या जवळजवळ शेवटापर्यंत थांबतच नाही. पाच, सहा, सात मिळून 111 वचनं आहेत आणि त्यातली काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. साध्या आवृत्तीत मी हे अध्याय कितीतरी वेळा वाचले होते पण पान उलटलं तरी लाल, पुन्हा उलटलं तरी लाल, हे बघताना पहिल्यांदा जाणवलं की मध्ये श्वास घ्यायलाच जागा नाहीये, कुणी मध्येच प्रश्न विचारत नाही, चमत्कार होत नाही, गोष्ट पुढे सरकत नाही, तो बोलतोय आणि आपण ऐकतोय. आणि तो काय बोलतोय? आधी कोण कोण धन्य ते सांगणारी वचनं आहेत, तुम्ही मीठ आहात, प्रकाश आहात हे आहे, आणि मग जा, समेट कर, दे, माफ कर, दार लाव, चिंता करू नकोस, न्याय करू नकोस, माग, शोध. बहुतेक सगळी क्रियापदं आज संध्याकाळपर्यंत करता येतील अशी आहेत. आपण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, या डोंगरावरच्या प्रवचनावर चर्चा खूप करतो, हे शक्य आहे का, हे त्या काळापुरतं होतं का, वगैरे. करा की. त्याने स्वतःच शेवटी सांगितलंय की ही वचनं ऐकून त्याप्रमाणे वागतो त्याचं घर खडकावर आणि ऐकून वागत नाही त्याचं वाळूवर, म्हणजे दोघांनीही ऐकलेलं आहे, पाऊस दोघांवरही पडलाय, पूर दोघांकडेही आलाय, फरक फक्त केलं की नाही एवढाच आहे.

काही वचनं रोजच्या आयुष्यात कशी बसतात ते सांगते म्हणजे पुस्तकाचा खरा उपयोग लक्षात येईल. मत्तय 5:37, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं. मला हे सगळ्यात जास्त लागू पडतं ते मेसेजमध्ये. पाच मिनिटात पोचते असं टाईप करताना आपण अजून घरातच असतो, नक्की बघते म्हणताना आपल्याला माहीत असतं की बघणार नाही, कामाची तारीख देताना जमणार नाही हे आतून कळत असतं तरी आपण हो म्हणतो कारण नाही म्हणायला ऑकवर्ड वाटतं. त्या काळी लोक स्वर्गाची शपथ, यरुशलेमेची शपथ, स्वतःच्या डोक्याची शपथ घ्यायचे, आणि येशू म्हणतो एक केससुद्धा पांढरा किंवा काळा करणं तुझ्या हातात नाही. आता आपण शपथा घेत नाही पण देवाशप्पथ, आईशप्पथ, खरंच सांगते हे चालूच असतं ना, आणि आपल्या साध्या होय वर समोरच्याचा भरवसा नसतो म्हणूनच तर ते लावावं लागतं. तेव्हा उत्तर देताना उद्या जमणार नाही, परवा देते असं सरळ लिहायचं आणि परवा द्यायचंच. ख्रिस्ती माणसाचा शब्द म्हणजे शब्द, हे आजूबाजूच्यांना अनुभवाने कळलं तर त्याहून मोठी साक्ष कुठली असणार.

सहावा अध्याय दानाबद्दल, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. इथे लाल शाईचा खूप उपयोग होतो कारण पहिल्या अठरा वचनांत दान, प्रार्थना, उपास या तिन्ही गोष्टी एकामागून एक येतात आणि तिन्हीत एकच धागा आहे, लोकांनी बघावं म्हणून करू नका, गुप्तपणे बघणारा पिता फेड करेल. ग्रुपवर मदतीची यादी फिरते, नावापुढे रक्कम टाकायची पद्धत असते, तिथे मी आता शांतपणे ज्याच्याकडे हिशोब आहे त्यालाच पाठवते आणि यादीत नाव नको म्हणून सांगते. दार लावून प्रार्थना कर हे 6:6 मध्ये आहे, आणि आजच्या काळात दार लावणं म्हणजे मोबाईल दाराच्या बाहेर ठेवणं असं मी धरते, कारण मोबाईल आत असेल तर अख्खं जग आतच असतं. चिंतेचा भाग पुढे येतो, त्याबद्दल एवढंच म्हणेन की तो पैशाबद्दलच्या वचनांनंतर लगेच येतो, दोन धन्यांची चाकरी कुणालाही करता येत नाही आणि म्हणून मी तुम्हाला सांगतो चिंता करू नका, असा क्रम आहे. लाल शाईत हे सलग दिसतं. नाहीतर आपण चिंता करू नका हे तेवढंच उचलून स्टेटसला ठेवतो आणि आधीची धनाची गोष्ट मागेच राहते.

सातव्या अध्यायातलं कुसळ आणि मुसळ तर आपल्या म्हणीतच येऊन बसलंय. पण म्हण अर्ध्यावर थांबते. येशू म्हणतो आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. भावाचं कुसळ काढायचं आहेच, त्याला तसंच सोडायचं नाहीये. वचनांना हे आकडे 1551 मध्ये रोबेर एस्तिएन याने छापलेल्या ग्रीक नव्या करारात आले, येशू काही एक दोन तीन करत बोलला नव्हता, आणि या आकड्यांमुळेच आपल्याला न्याय करू नका एवढंच सुटं काढून समोरच्याला गप्प करायची सवय लागलीये. लाल मजकूर सलग वाचला की ही सवय हळूहळू सुटते.

आता एक प्रसंग सांगते, मत्तय 18:15 चा. ऑफिसमध्ये एका सिनिअर सहकाऱ्याने मी तयार केलेला भाग वरिष्ठांसमोर स्वतःचा म्हणून मांडला. मी त्याच मीटिंगमध्ये बसले होते. बाहेर आल्यावर माझ्या हातात फोन होता, ऑफिसमधल्या मैत्रिणींचा ग्रुप उघडलेला, काय झालं ते टाईप करायचं तेवढं बाकी होतं. आणि सकाळीच वाचलेलं डोक्यात होतं, तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघंच असताना त्याला त्याचा अपराध दाखव. तिथे पायऱ्या स्पष्ट आहेत, आधी एकट्याने, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन, तरीही नाही तर मंडळीला. आपण करतो ते बरोबर उलटं, आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग एक-दोघं जवळचे सल्ला देतात, आणि ज्याने केलं त्याला सगळ्यात शेवटी कळतं, तेही तिसऱ्याच कुणाकडून. हे वचन मंडळीतल्या भावाबद्दल आहे, माझा सहकारी काही ख्रिस्ती नाही, तरी मी तोच क्रम धरला. संध्याकाळी सगळे गेल्यावर मीटिंग रूममध्ये गेले, तो लॅपटॉप बंद करत होता, स्क्रीन अर्धी खाली आलेली. मी म्हटलं, सर, तो तुलनेचा भाग मी केला होता, तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, मला ते लागलं. तो आधी म्हणाला टीमचंच काम आहे ना. मी म्हटलं हो, टीमचं आहे, म्हणूनच टीममध्ये कुणी काय केलं ते सांगितलं तर बरं. लॅपटॉप तसाच अर्धवट, तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ठीक आहे, बघतो. पुढच्या मीटिंगमध्ये त्याने माझं नाव घेतलं. त्यानंतर आमची काही मैत्री वगैरे झाली नाही, आणि पुढे काही वेळा मला पुन्हा तेच बोलावं लागलं. पण ती गोष्ट तिसऱ्या कानापर्यंत गेली नाही, त्याची ऑफिसमध्ये शोभा झाली नाही, माझ्या मनातही ती कुजत राहिली नाही. या एका वचनासाठीसुद्धा हे पुस्तक बॅगेत ठेवावं असं मला वाटतं.

त्याच अध्यायात पुढे पेत्र हा शिष्य विचारतो, किती वेळा माफ करू, सात वेळा का, आणि मग तो दोन कर्जदारांचा दाखला येतो. एकाचं दहा हजार तालांत कर्ज माफ होतं आणि तोच बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी आपल्या सोबतच्या चाकराचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तय 20 मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात येतंच. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे पहिल्याचं कर्ज जवळपास सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतकं, कुणी कितीही जन्म राबलं तरी न फिटणारं. यावर प्रवचनं आपण ऐकतोच. पण मला दुसऱ्या आकड्याबद्दल बोलायचंय, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांहून जास्त कमाई, ही काही चिल्लर नाही. कुणी आपले तीन महिन्यांचे पैसे बुडवले तर आपल्याला झोप येईल का? येशूने ती रक्कम मुद्दाम दोन-पाच दिनार ठेवली नाही. म्हणजे ज्याला माफ करायचंय त्याने तुझं खरंच नुकसान केलंय, हे येशूला मान्य आहे. कुणी दुखावलेल्या माणसाला अगं सोड ना, एवढं काय त्यात, असं म्हणतं तेव्हा मला हा आकडा आठवतो. काही झालंच नाही असं येशू म्हणत नाही, झालंय, मोठं झालंय, आणि तरी तुला त्याहून केवढं माफ झालंय ते बघ, असं म्हणतो.

आता जिथे ही आवृत्ती कमी पडते तिथे येते, आणि हे घेण्याआधी माहीत असायलाच हवं. लाल शाई फक्त शब्दांना लागते, कृतीला लागत नाही. मार्क 1:41 बघा, कुष्ठरोगी गुडघे टेकून विनवतोय, येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो माझी इच्छा आहे, शुद्ध हो. बोलणं लाल आहे. ज्याच्याजवळ कुणी उभं राहत नव्हतं त्याला केलेला स्पर्श काळा आहे. योहान 13 मध्ये तो भोजनावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो, शिष्यांचे पाय धुतो, सगळं काळं. आणि मग मी तुम्हाला कित्ता घालून दिला आहे हे लाल. पण कित्ता तर काळ्या शाईतच गेला ना! फक्त लाल वाचणारा माणूस, आणि असे बरेच जण आहेत, लाल तेवढं महत्त्वाचं समजून डोळा तिकडेच उडवणारे, तो उपदेश घेऊन जातो आणि गंगाळ मागेच राहतं.

जक्कया या जकातदाराची गोष्ट तर याहून पुढची. लूक 19. येशूचे शब्द त्यात मोजकेच, जक्कया खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे, आणि शेवटी आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. या दोन लाल तुकड्यांच्या मध्ये एक काळं वाक्य आहे, प्रभूजी, मी आपलं अर्धं द्रव्य दरिद्र्यांस देतो आणि कुणाकडून अन्यायाने काही घेतलं असेल तर ते चौपट परत करतो. जुन्या करारातल्या नियमशास्त्रात अशा वेळी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच सांगितलं होतं, गणना 5:7 बघा, आणि हा जकातदार स्वतःहून चौपट म्हणतो, तेही येशूने पैशाबद्दल एक अवाक्षर न काढता. येशूची शिकवण रोजच्या आयुष्यात उतरवायची म्हणजे काय हे अख्ख्या लूकमध्ये इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसतं, आकड्यासकट, आणि ते नेमकं काळं. मी त्या वचनाभोवती पेन्सिलने चौकट केलीये. तुम्ही ही आवृत्ती घेतलीत तर हेच करा असं सुचवेन, लाल शब्दांना ज्यांनी कृतीने उत्तर दिलं ती काळी वाक्यं शोधून खुणा करा, सगळं सोडून मागे गेलेले कोळी, दानपेटीत आपल्याजवळच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा. दयाळू शोमरोनी तर दाखल्यातच आहे म्हणून आधीच लाल आहे.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. लाल वचन सुटं उचललं की ते कुणाच्या तरी डोक्यात मारता येतं. मत्तय 5:39, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर. घरात मार खाणाऱ्या बाईला हे वचन सांगितलं गेल्याचं मी ऐकलंय, आणि सांगणारे चांगल्या मनाने सांगत होते. मला याबद्दल फार कळकळीने लिहायचंय. त्याच नव्या करारात, तितक्याच लाल शाईत, योहान 18:23 आहे. महायाजकासमोर उभा असताना एक शिपाई येशूला चपराक मारतो आणि येशू म्हणतो, मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने उलट हात उचलला नाही आणि अन्यायाला अन्याय म्हणायचंही सोडलं नाही. योहान 8 च्या शेवटी लोकांनी दगड उचलले तेव्हा तो लपला आणि मंदिरातून निघून गेला, योहान 10 मध्ये धरायला आले तेव्हा त्यांच्या हातातून निसटला. वधस्तंभावर तो स्वतःहून गेला, आपली वेळ आली तेव्हा. तेव्हा सूड न घेणं म्हणजे मार खात राहणं नव्हे, सुरक्षित जागी जाणं, मदत मागणं, पोलिसांत सांगणं यात येशूच्या शिकवणीच्या विरुद्ध काहीही नाही. लाल आवृत्तीत हे दोन गाल आणि एक चपराक एकमेकांना जोडणारी खूण नाहीये, म्हणून मी 5:39 च्या शेजारी समासात बारीक अक्षरात योहान 18:23 असं लिहून ठेवलंय, अरुंद समासात कसंबसं बसलं.

तिसरी गोष्ट, लाल म्हणजे वरच्या दर्जाचं आणि काळं म्हणजे दुय्यम असा समज नकळत तयार होतो. पण रोमकरांस 12 उघडा, छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, वैरी भुकेला असेल तर त्याला खायला दे, हे प्रेषित पौलाच्या पत्रातलं आहे, पूर्ण काळं, आणि आवाज डोंगरावरच्या प्रवचनाचाच. याकोब 5:12 तर होय तर होय, नाही तर नाही हे जवळजवळ तसंच सांगतो. याकोब 2 मध्ये भाऊ उघडा आणि उपाशी असताना सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा असं नुसतं बोलणाऱ्यांना विचारलंय की त्याचा उपयोग काय. पत्रं म्हणजे येशूची शिकवण रोजच्या जगण्यात आणताना पहिल्या मंडळ्यांची झालेली ओढाताण आहे, त्यांच्या घरातली भांडणं, पैशाची भांडणं, श्रीमंताला पुढची खुर्ची द्यायची की नाही हे सगळं त्यात आहे. ते वगळून फक्त लाल वाचलं तर प्रश्न आपल्याकडेच राहतात.

कुणासाठी घ्यावी? नव्याने विश्वासात आलेल्यांना द्यायला उत्तम, विशेषतः सुरुवात कुठून करू असं विचारणाऱ्यांना, मत्तय 5 ते 7 दाखवायचं आणि रोज थोडं वाचून त्यातलं एक करून बघ म्हणायचं. मंडळीतल्या तरुणांच्या गटात वापरायला छान. कुटुंबाच्या प्रार्थनेत आमच्याकडे एकजण काळं वाचतो, दुसरा लाल वाचतो, मुलं यामुळे जागी राहतात आणि कोण बोलतंय हे त्यांना आपोआप कळतं. सखोल अभ्यासासाठी मात्र टीपा आणि संदर्भ असलेली मोठी आवृत्ती वेगळी हवीच, ही तिची जागा घेऊ शकत नाही. नजर कमजोर असलेल्या वडीलधाऱ्यांना देऊ नका, त्यांना मोठ्या अक्षरांची साधी काळी आवृत्ती द्या, किंवा ऑडिओ. पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापला तो छपाईसाठी आणि संदर्भाच्या खुणा नाहीत म्हणून.

घेताना दोन पानं उघडून बघा. एक योहान 3. मूळ ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नव्हती, त्यामुळे निकदेम नावाच्या माणसाशी बोलताना येशूचं बोलणं पंधराव्या वचनाला संपतं की एकविसाव्याला यावर मतभेद आहेत आणि काही आवृत्त्यांत 3:16 लाल असतं, काहींत काळं, दोन्ही बरोबर धरले जातात, तेव्हा काळं दिसलं तर छपाईची चूक समजून परत करू नका. दुसरं प्रेषितांची कृत्ये 20:35. घेण्यापेक्षा देणं यात जास्त धन्यता आहे हे येशूचं वाक्य चारही शुभवर्तमानांत नाही, पौलाने इफिस शहरातल्या मंडळीच्या वडीलजनांचा निरोप घेताना सांगितलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. अख्ख्या काळ्या पानात ती एकच ओळ लाल असायला हवी. ती लाल असेल तर आवृत्ती काळजीपूर्वक तयार केलीये असं समजायला हरकत नाही, आणि माझ्या प्रतीत ती लाल आहे, तीही अगदी सरळ रेषेत.